दुसऱ्या बाटलीची चव

झाशीच्या रेल्वे कारखान्यात रजेच्या अर्जांचं एक टेबल आहे. त्या टेबलावर अनुसूयावहिनी चौदा वर्षं काम करताहेत. कोणत्या फिटरचे आजोबा कितव्यांदा वारले हे त्यांना पाठ आहे, पण त्यावरून त्या कधी आवाज चढवत नाहीत. ‘भैयाजी, इस साल ये तीसरे दादाजी हैं,’ एवढंच म्हणतात. समोरचा हसतो, कान पकडतो आणि खरं कारण सांगून टाकतो. खोटं बोलणाऱ्याला न दुखावता खऱ्यावर आणायची ही त्यांची हातोटी पुढे मलाही भोवली.

मी हृषीकेश, अकोल्याचा. औषधशास्त्र शिकलो आणि दोन वर्षांपूर्वी इथल्या मुलांच्या एका दवाखान्यात औषधाच्या चाचणीचं काम बघायला आलो. काम म्हणजे फॉर्म भरून घेणं, गोळ्या मोजणं, दर मंगळवारी पालकांना फोन करणं. झाशीच्याच नगरा भागात एक खोली घेऊन राहतो. स्वभाव उतावळा आहे, डोकं लवकर तापतं, आणि पालक प्रश्न विचारायला लागले की माझे पाय टेबलाखाली हलायला लागतात. हे सगळं आधीच सांगतो, कारण पुढे जे झालं त्यात माझ्या उतावळेपणाचा वाटा मोठा आहे.

गेल्या जानेवारीत दवाखान्याच्या व्हरांड्यात कोणीतरी म्हणालं, ‘अगं, थोडी सरक ना इकडे, लोकांना रास्ता दे.’ या गावात कानावर मराठी पडलं की मी वळून बघतोच. अनुसूयावहिनी होत्या. ऑफिसातून तशाच आलेल्या, खांद्याला पर्स, हातात फाइल. त्यांच्यापासून बरोबर दोन हात अंतर राखून नऊ वर्षांची देविका उभी होती. हात कोपरापासून वर धरलेले, ऑपरेशनला निघालेल्या डॉक्टरसारखे. हातांची कातडी लाल होऊन ठिकठिकाणी फुटलेली होती.

‘तुम्ही मराठी?’ मी विचारलं.

‘हो तर. आम्ही ओरछा गेटच्या आत राहतो,’ त्या म्हणाल्या. ‘सात पिढ्या झाल्या. पण ही मात्र हिंदीतच बोलते बघा. समजतं सगळं.’

देविकाने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे, आणि म्हणाली, ‘मम्मी, आपने हाथ धोए थे? सच बोलो.’

‘धोए बेटा.’

‘सच?’

‘सच.’

‘दरवाज़ा छुआ उसके बाद?’

व्हरांड्यातून माझ्या खोलीत येईपर्यंत तिने हे अकरा वेळा विचारलं. मी मोजलं, कारण मोजणं हेच माझं काम. अकराही वेळा आईने त्याच आवाजात उत्तर दिलं.

नोव्हेंबरात देविकाचा घसा सुजला होता. चार दिवस ताप, मग औषध, मग सगळं ठीक. आठवडाभराने एका गुरुवारी ती शाळेतून आली ती सरळ नळावर गेली आणि अर्धा तास तिथून हललीच नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. मग तिला कोणी शिवलेलं चालेना. जेवणाचं ताट स्वतः विसळून घ्यायची, अंथरूण वेगळं घालायची, आणि कोणाचा धक्का लागला की पुन्हा आंघोळ.

आणि इथेच या घराची पहिली चूक झाली. यांचे पूर्वज पेशवाईत कधीतरी कोकणातून झाशीजवळच्या गुरसरायच्या जहागिरीत पूजाअर्चेला आले. देविकाचे आजोबा, रामकृष्णपंत, घरातले आबा, अजून सोवळं नेसल्याशिवाय देवघरात पाऊल टाकत नाहीत आणि पूजेच्या वेळी कोणाला शिवू देत नाहीत. नात कोणाला शिवू देत नाही, सारखे हात धुते, हे पाहून त्यांना भरूनच आलं. या पिढीत एकाला तरी सोवळं कळलं, असं त्यांनी ओळखीच्या चार घरी सांगितलं. तिला वेगळा तांब्या काढून दिला. देविकाचे वडील वामनराव गुरसरायला बँकेत आहेत, शनिवारी घरी येतात. त्यांनाही वाटलं, बरं आहे, वळण लागतंय. हातातून रक्त यायला लागेपर्यंत तीन आठवडे गेले.

‘तीन हफ्ते मी पण खूश होते, भैया,’ वहिनी मला म्हणाल्या. कोणी विचारलं नव्हतं. ‘मी आई आहे आणि मी खूश होते. लिहायचं असेल तर हे पण लिहा.’

असं सांगणारे पालक मला फार भेटलेले नाहीत. बहुतेक जण शेजाऱ्यांवर, शाळेवर, नाहीतर मोबाइलवर ढकलतात.

आमची चाचणी काय होती ते थोडक्यात सांगतो. घशाला काही जंतूंची लागण झाली की शरीर त्यांच्याशी लढायला फौज काढतं. काही थोड्या मुलांत घसा बरा झाला तरी ती फौज मागे फिरत नाही, चुकून मेंदूच्याच एका भागावर तुटून पडते, तिथे सूज येते आणि पोर एकाएकी बदलतं, असा डॉक्टरांचा अंदाज आहे. अंदाजच, म्हणून तर चाचणी. सांधेदुखीला देतात तसलं सूज उतरवणारं नेहमीचं औषध दिलं तर ही मुलं सुधारतात का, एवढंच पाहायचं होतं. प्रत्येक मुलाला दोन बाटल्या. पहिली सहा आठवडे, मग दोन आठवडे काहीच नाही, मग दुसरी सहा आठवडे. एकीत औषध, एकीत नुसती पिठी. कॅप्सूल दिसायला सारख्याच. कोणाला कोणती आधी मिळाली ते दुसऱ्या शहरातल्या एका यादीत. मला माहीत नाही, डॉक्टरांना माहीत नाही, आईबापांना तर नाहीच. माहीत असलं की माणूस हवं ते बघायला लागतो.

फॉर्मवर शेवटचा एक प्रश्न प्रत्येक घराचा स्वतःचा असतो. सगळ्यात आधी काय बदलावं असं वाटतं? कोणी लिहितं शाळेत जावी, कोणी लिहितं जेवावा नीट. वहिनींनी लिहिलं, ‘मला हात लावू दे.’ मग खोडून पुन्हा नीट लिहिलं, ‘आईला हात लावू देते का.’ पुढचे सगळे महिने मी दर मंगळवारी फोनवर हाच प्रश्न शेवटी विचारत होतो आणि उत्तर ऐकेपर्यंत माझा पाय हलत असायचा.

त्या दिवशी मी घाईत होतो. बाहेर सहा पालक थांबले होते. सकाळी एक, संध्याकाळी एक, जेवल्यावर, असं सांगितलं. बावीस पानांची माहितीपुस्तिका हातात दिली, सह्या घेतल्या आणि माझं ठरलेलं वाक्य म्हटलं, ‘रिकामं झालेलं सगळं परत आणायचं, काही फेकायचं नाही.’ त्यांनी ते फाइलच्या कोपऱ्यावर लिहून घेतलं.

पहिले दोन मंगळवार काहीच नाही. रोज पावणेदोन तास नळावर, दिवसातून साठ-सत्तर वेळा ‘सच बोलो’. तिसऱ्या मंगळवारी नळाचा वेळ सव्वा तासावर आला. चौथ्या मंगळवारी वहिनींचा आवाज वेगळा होता. त्या पोळ्या करत होत्या आणि देविकाने मागून येऊन पदराचं टोक दोन बोटांच्या चिमटीत धरून ओढलं होतं, हाक मारण्याऐवजी. ‘नंतर धुतले हात,’ त्या म्हणाल्या, ‘पण आधी ओढला ना.’ पाचव्या आठवड्यात दहा आकडे मोजेपर्यंत पाठीवर हात ठेवू दिला. दहा झाले की बास. वहिनी हळूहळू मोजायच्या आणि देविका ओरडायची, ‘चीटिंग मत करो!’ हे सांगताना त्या फोनवर हसल्या. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना ऐकत होतो. मात्र पोरीचं पोट दुखत होतं, दोनदा उलटी झाली होती. असल्या औषधाने ते होऊ शकतं. मी तेही लिहून घेतलं.

फेब्रुवारीच्या शेवटी त्या पहिली बाटली परत द्यायला आल्या. बाटलीत शिल्लक सहा कॅप्सूल, हिशोब बरोबर. मग त्यांनी पर्समधून पेढ्यांचा एक पुठ्ठ्याचा डबा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं, पोरीला बरं वाटतंय म्हणून पेढे आणलेत. उघडला तर आत कॅप्सूलची रिकामी टरफलं. चौऱ्याऐंशी. प्रत्येकाचे दोन अर्धे पुन्हा एकात एक बसवून, ओळीने लावलेले.

‘हे काय?’

‘तुम्हीच तर बोलले होते. रिकामं सगळं परत.’

‘वहिनी, कॅप्सूल गिळायची असते.’

‘आमच्याकडे नाही गिळत,’ त्या अगदी सहज म्हणाल्या. ‘हाडांपासून बनवतात ना ते वरचं. आबांच्या वडिलांच्या वेळेपासून फोडूनच घेतात सगळे. आतली पूड मधात कालवून दिली. खूप कडू होती, पण घेतली बिचारीने.’

कडू होती हे यांना कसं कळलं? विचारलं तर म्हणाल्या, चमचा आधी आपल्या जिभेला लावून बघितल्याशिवाय त्यांनी लेकीला आजवर काहीच दिलेलं नाही. दुधाची बाटली असल्यापासून.

मी तेव्हाच उठून डॉक्टरांकडे जायला हवं होतं. गेलो नाही. मनाशी म्हटलं, एका बाटलीची चव कळली म्हणून काय झालं, ताडून बघायला दुसरी चव कुठे आहे? आणि कळवायचं म्हणजे आपण नीट सांगितलं नाही हेही कळवायचं. मी टरफलांचा डबा कपाटात वरच्या फळीवर सारला आणि वहिनींना म्हणालो, ‘दुसरी बाटली फोडू नका. गिळू द्या.’ त्या म्हणाल्या, आबा ऐकणार नाहीत आणि देविकाला गिळताही येत नाही, घशात अडकेल म्हणून रडते. मी वैतागून म्हणालो, ‘बरं, फोडा, पण चाखू नका. समजलं?’

‘समजलं,’ त्या म्हणाल्या. अर्जावर खोटं कारण लिहिलेल्या माणसाकडे बघतात तशा माझ्याकडे बघत होत्या.

औषध नसलेले ते दोन आठवडे वाईट गेले. नवव्या दिवशी देविकाने पाठीवरचा हात झटकला आणि दोनदा आंघोळ केली. नळ पुन्हा दीड तासावर गेला. पदर नाही, पाठ नाही. फोनवर वहिनी फक्त आकडे सांगायच्या. मार्च लागला होता, दुपारी रस्ते तापायला लागले होते, आणि मी दवाखान्यात कारण नसताना कंपाउंडरवर ओरडत होतो.

दुसरी बाटली सुरू होऊन पाच दिवस झाले आणि वहिनी वेळ न ठरवताच आल्या. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, ‘गोड आहे.’

मी हातातला फॉर्म खाली ठेवला.

‘ही बाटली गोड आहे, भैया. साखरेसारखी. मी पाच दिवस माझ्या मुलीला साखर चारतेय आणि ती तिकडे हात सोलून काढतेय.’

‘चाखू नका म्हणून सांगितलं होतं ना मी,’ माझा आवाज चढला. ‘एक गोष्ट सांगितली होती. एक.’

‘नऊ साल चमचा आधी माझ्या तोंडात जातो, मग तिच्या. मला कळत पण नाही कधी गेला ते.’ त्यांचा आवाज चढला नाही. ‘तुम्हाला माहीत होतं का?’

‘नाही. शपथेवर. कोणालाच माहीत नसतं.’

‘मग आता आपल्या दोघांना आहे,’ त्या म्हणाल्या आणि कारखान्याची वेळ झाली म्हणून निघून गेल्या.

दोन दिवस मी धड एका जागी बसलो नाही. फॉर्म उघडायचो, बंद करायचो. सांगितलं तर देविकाला बाहेर काढतील, माझी नोकरीही जाईल कदाचित. न सांगितलं तर एक पोर सहा आठवडे पिठी खाईल आणि आई ते जाणून चमचा तिच्या तोंडाशी नेत राहील. पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत स्कूटर काढून ओरछा गेटपर्यंत गेलो आणि चहा न पिताच परत आलो. दुसऱ्या दिवशी गल्लीत शिरलोच. अंगणातल्या नळाशी देविका उभी होती. ओसरीवर रामकृष्णपंत बसले होते, हातात तोच वेगळा काढलेला तांब्या. मी आलो तरी त्यांचं लक्ष नातीकडेच होतं.

‘माझ्यामुळे झालं का हो हे?’ त्यांनी विचारलं. ‘मी तिचं कौतुक केलं.’

‘नाही, आबा. आजार आहे.’

‘कौतुक तर केलं ना,’ ते म्हणाले.

देविकाने मान वळवली. ‘अंकल, आपने गेट छुआ?’

‘छुआ,’ मी म्हणालो.

‘तो अंदर मत आना प्लीज़.’ ती रडवेली झाली होती. कोणाला दुखवायचं नसतं हो या मुलांना. मी तिथूनच मागे फिरलो, सरळ दवाखान्यात गेलो आणि डॉक्टरांच्या खोलीचं दार वाजवलं.

डॉ. विजयालक्ष्मी मॅडमना मी सगळं सांगितलं. टरफलं, कडू, गोड, आणि मी डबा कपाटात लपवला तेही. मग त्यांनी माहितीपुस्तिका काढली, अकरावं पान उघडलं आणि माझ्यासमोर धरली. तिथे लिहिलं होतं, कॅप्सूलचं वरचं कवच वनस्पतीपासून बनवलेलं आहे. हाडांचा संबंधच नव्हता. ती बावीस पानं मी साठ घरांत वाटली होती आणि स्वतः कधी शेवटपर्यंत वाचली नव्हती. हे एक वाक्य जानेवारीत सांगितलं असतं तर आबांनी हरकत घेतली नसती, वहिनींनी गिळायला शिकवलं असतं, आणि चमचा मध्ये आलाच नसता. मला स्वतःचीच लाज वाटली. आजही वाटते.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी वहिनींना बोलावलं. आधी देविकाचं पोट तपासलं, रक्त तपासायला पाठवलं. मग शांतपणे सांगितलं, कडू म्हणजे औषधच आणि गोड म्हणजे पिठीच असं धरून चालू नका, पिठी कडूही करता येते, कडू औषधात गोडही घालता येतं. यादी उघडेपर्यंत कोणालाच खात्री नाही. चूक कागदावर येईल, देविकाच्या फॉर्मांवर तांबडी खूण राहील, पण मुलीला शिक्षा कशाची? चाचणीत ठेवायचं तर ठेवा. बाहेर पडायचं असेल तर आत्ता पडा, मी सरळ ते औषध लिहून देते.

मला वाटलं, वहिनी लगेच हो म्हणतील. पण त्यांनी मॅडमनाच विचारलं,

‘उससे पेट फिर दुखेगा?’

‘दुख सकता है. सँभालकर देंगे.’

‘मंगळवारपर्यंत थांबू?’ त्या माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, आणि मग मॅडमना हिंदीत तेच. ‘कडूने ती हसायला लागली होती. कडूने तिने उलट्या पण काढल्या. मला काहीच समजत नाही, भैया. चार दिवस द्या मला.’

मॅडम म्हणाल्या, ठीक आहे. तोवर हीच बाटली, काही बिघडलं तर लगेच फोन. मंगळवारी ठरवू.

त्या चार दिवसांत मी वहिनींना रोज फोन केला, नियमात नव्हतं तरी. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, तसंच. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, नळ एक तास. मी म्हटलं, नक्की? ‘मी घड्याळ लावून बसते, भैया.’ तिसऱ्या दिवशी पन्नास मिनिटं. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता. उलट आपल्यालाच कोणीतरी फसवतंय अशी शंका होती. आपण पिठी देतोय हे त्यांनी मनात पक्कं धरलं होतं आणि पोर पिठीवर सुधारत होती. चौथ्या दिवशी ‘सच बोलो’ तीस वेळा. त्यांनी तेही सांगितलं, एकही कमी न करता, एकही न वाढवता.

मंगळवारी सकाळी दवाखान्यात गर्दी होती. वहिनी बाकाजवळ दोन आयांशी बोलत होत्या. एका बाईचा मुलगा महिनाभर शाळेत गेला नव्हता. त्या बाई वहिनींना विचारत होत्या, इस दवा से होता है क्या कुछ? काही आठवड्यांपूर्वी वहिनी छातीठोकपणे हो म्हणाल्या असत्या. मला वाटतं, त्यांना अजूनही तेच म्हणायचं होतं. त्या म्हणाल्या, ‘बहनजी, पता नहीं. सच में पता नहीं.’

देविका बेसिनवर गेली होती. पाणी बंद झालं. ती बाहेर आली तेव्हा हात नेहमीसारखे वर धरलेले होते, कारण कुठलंही फडकं तिला घाणेरडं वाटायचं, हात हवेतच वाळवायची. बेसिनच्या वर पाल होती आणि ती शेपटी हलवत होती, असं काहीतरी ती येता येताच जोरजोरात सांगायला लागली. सांगता सांगता आईचा पदर ओढून घेतला आणि दोन्ही हात त्याला पुसले. तळवे, बोटांच्या बेचक्या, मनगटं. मग पदर तसाच मुठीत धरून आईच्या पोटावर डोकं टेकलं आणि पालीचं पुढे सांगत राहिली.

वहिनी हलल्या नाहीत. त्यांचे दोन्ही हात हवेत तसेच राहिले होते. खाली आणावेत की नाही हे त्यांना कळत नव्हतं. मग त्यांनी एक हात हळूच लेकीच्या केसांवर ठेवला. मी मनात मोजायला लागलो. दहा झाले. वीस झाले. देविकाने डोकं काढलं नाही. चाळीसच्या पुढे माझी मोजदाद चुकली, कारण मला समोरचं नीट दिसेना.

मग देविका पाल बघायला त्या बाईंच्या मुलाला घेऊन पुन्हा बेसिनकडे पळाली. हात धुवायला नव्हे.

मी वहिनींजवळ गेलो. माझ्या धंद्याचंच बोललो. ‘पहिल्या बाटलीचा गुण उशिरा आला असेल, वहिनी. कडूचा. तसं होऊ शकतं.’

‘होऊ शकतं,’ त्या म्हणाल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. ‘तुम्हाला माहीत आहे का, की तसंच आहे?’

‘नाही.’

‘ती आपोआप बरी होत असेल, असं पण होऊ शकतं?’

‘हो.’

‘उद्या परत मला हात लावू देणार नाही, असं पण?’

‘तसंही होऊ शकतं,’ मी म्हणालो. ती यादी हे लिहीपर्यंत उघडलेली नाही. आजही मी त्यांना दुसरं काही सांगू शकत नाही.

त्यांनी माझ्या हातातला फॉर्म ओढून बघितला. शेवटच्या प्रश्नापुढची जागा कोरी होती. वर बाटलीचा क्रमांक लिहायची चौकट होती, तीही मी अजून भरली नव्हती. खरं सांगायचं तर ती चौकट रिकामी ठेवावी असं माझ्या मनात येत होतं. पहिल्या बाटलीत जे दिसलं ते इतकं चांगलं होतं, आणि या एका ओळीने ते सगळं डळमळीत होणार होतं. वहिनींना ते माझ्या तोंडावर दिसलं असावं. चौदा वर्षं त्यांनी हेच केलंय.

‘लिहा ना, भैया,’ त्या म्हणाल्या. ‘दुसरी बाटली. गोडवाली. दुसरा हफ्ता. आईच्या पदराला हात पुसले आणि आईला धरून राहिली.’

मी लिहायला लागलो. घाईत अक्षर वेडंवाकडं येत होतं.

‘अक्षर नीट काढा,’ त्या म्हणाल्या. ‘दुसऱ्या कोणाच्या मुलीला काय द्यायचं, ते हे वाचून ठरवतील.’